हत्तुरे सरांचा डावा पाय

गुरुवार आला की हत्तुरे सर घोटून दाढी करत, इस्त्रीचा शर्ट घालत आणि आरशासमोर दोनदा भांग पाडत. ते जिथं जात तिथं त्यांच्या चेहऱ्याकडे कुणी बघणार नव्हतं. बघायचे ते पाय. पण माणसानं माणसांत जायचं तर नीट जावं, अशी त्यांची शिस्त. आणि माणसांत जायचा दिवस आठवड्यात तेवढा एकच होता.

रेवणसिद्ध हत्तुरे. सोलापुरातल्या एका शाळेत उभी हयात पी.टी. शिकवलेले आणि जिल्ह्यात खो-खोचे पंच म्हणून गाजलेले. त्यांची शिट्टी वाजली की मैदान चिडीचूप. मूलबाळ झालं नाही, पण शैलाबाई होत्या तोवर घरात वादावादी तरी होती. त्या गेल्या आणि घर असं गप्प झालं की सर कुकरच्या शिट्टीची वाट बघू लागले. जुने विद्यार्थी रस्त्यात भेटत, वाकून पाया पडत आणि "येतो सर, जरा गडबडीत आहे" म्हणून सटकत. त्यांचं तरी काय चुकलं म्हणा! पूर्वी निदान रिक्षावाला दोन शब्द बोलायचा. आता सात रस्त्याच्या चौकात बिनचालकाच्या रिक्षा उभ्या असतात. पत्ता सांगा, बसा, उतरा. तरुणपणी सोडलेली सिगारेट सरांच्या हातात परत आली ती अशानंच. संध्याकाळी गॅलरीत बसायचं आणि ओढायची. निदान धूर तरी हलतो डोळ्यांपुढं.

अशात एका रुग्णालयाच्या संशोधन विभागाची जाहिरात आली. निरोगी पायांची माणसं हवी होती. एमआरआयच्या यंत्रात निजायचं, बास. सर गेले. "सिगारेट?" असं विचारल्यावर त्यांनी "छे, छे!" म्हणून वेळ मारून नेली.

पहिल्याच दिवशी त्यांनी घोळ घातला. पाय दाखवायचे म्हणून घरून खोबरेल तेल चोळून, चकचकीत करून गेले.

"अहो सर, हे काय?" डॉ. केतकी पानवलकर कपाळाला हात लावून म्हणाली. "चरबी घालवायला इथं आम्ही रक्ताचं पाणी करतोय आणि तुम्ही वरून तेल लावून आलात!"

"खेळाडूचे पाय आहेत मॅडम. कोरडे कसे आणायचे?"

ती खळखळून हसली. आपल्या बोलण्यावर कुणीतरी हसलं, याला किती दिवस झाले होते ते सरांना आठवेना. पुढच्या गुरुवारी साबणानं पाय धुऊन स्वारी वेळेच्या आधीच दारात हजर.

केतकी डॉक्टर होती ती भौतिकशास्त्राची. रत्नागिरीकडची, चाळिशी गाठलेली, क्वार्टर्समध्ये एकटी राहणारी, डब्यातलं गार जेवण पडद्यासमोर बसून उरकणारी. तिचं वेड एकच होतं. पायांच्या चित्रातून चरबी पुसायची.

हे वेड काय होतं ते सांगायला हवं. मधुमेहानं, कधी सिगारेटनंही, पायांच्या रक्तवाहिन्या आतून बुजत जातात. कुठं बुजल्या ते कळलं तर आत बारीक फुगा घालून त्या उघडता येतात. नाही कळलं तर जखम चिघळते, बोट जातं, मग पाऊल, मग पाय. वाहिन्या दिसाव्यात म्हणून शिरेतून औषध टोचून चित्र काढायची रीत आहे. पण ज्यांचे पाय जातात त्यांच्यातल्या पुष्कळांची मूत्रपिंडंही थकलेली असतात आणि ते औषध त्यांना सोसेलच असं नाही. म्हणून औषधाशिवाय, नुसत्या चुंबकाच्या जोरावर चित्र काढायचं. रक्त त्यात उजळ दिसतं खरं, पण चरबीही तितकीच उजळ दिसते. पांढऱ्या भिंतीवर पांढरा दोरा शोधायचा, अशातली गत.

यातून सुटायची वाट एक आहे. पाण्यातला हायड्रोजन आणि चरबीतला हायड्रोजन चुंबकात अगदी एका तालावर घुमत नाहीत. चरबीतला किंचित मागे पडतो, दहा लाखांत साडेतीन भाग, इतकाच. तेवढ्या फरकावर चरबीला वेगळं काढून गप्प बसवता येतं. पण त्यासाठी चुंबकाचा जोर सगळीकडे सारखा लागतो, आणि पाय म्हणजे अडचणीची जागा. वर जाड, खाली निमुळते, मध्ये हवा. हवेच्या कडेला जोर कमीजास्त होतो, तो बारीकसा फरक हरवतो आणि चरबी रक्ताचं सोंग घेऊन बसते.

यावर केतकी तांदूळ वापरायची. हो, तांदूळच. कोरड्या तांदळात मोकळं पाणी नसतं, म्हणून तो चित्रात उमटत नाही; पण पायांभोवतीची हवेची जागा भरून काढतो आणि चुंबकाचा जोर पुष्कळसा सारखा होतो. मांजरपाटाच्या पिशव्या तिनं स्वतः शिवल्या होत्या. दर गुरुवारी ती सरांच्या पोटऱ्यांभोवती, घोट्यांभोवती एकेक पिशवी लावायची, दाबून बसवायची आणि विचारायची, "गार लागत नाही ना सर?" मग दोन तास सर बोगद्यात निजायचे. कानावरच्या फोनमधून ती मधूनमधून बोलायची. डब्यात आज काय आलं, रत्नागिरीला आई कशी कुरकुरते, असलं काहीबाही. सर खो-खोचे किस्से सांगायचे, पण स्वतः हसायचे नाहीत, कारण हसलं की पाय हलतो.

डाव्या गुडघ्याच्या जरा खाली सरांची रक्तवाहिनी सरळ न उतरता एक गोल वळसा घ्यायची. असं फार क्वचित सापडतं, केतकी म्हणाली. सरांनी त्याला नाव दिलं 'खांबावरचा वळसा'. पळता खेळाडू खांब धरून गर्रकन वळतो ना, अगदी तसा.

पण दुखऱ्या पायाचा माणूस दोन तास न हलता निजणार कसा? म्हणून केतकीनं 'नितळ' नावाची संगणकप्रणाली बनवायला घेतली. तिला शिकवायला जोड्या लागत. एकाच पायाचं दोन मिनिटांत काढलेलं, चरबीनं बरबटलेलं चित्र, आणि त्याच पायाचं दोन तास खपून काढलेलं स्वच्छ चित्र. अशा जोड्या बघून बघून नितळ शिकली. पुढं दोन मिनिटांचं चित्र दिलं की ती क्षणात स्वच्छ करून दाखवू लागली. तांदूळ लागेनासा झाला. पिशव्या कपाटात गेल्या.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सरांनीही वाजवल्या. पण त्यांच्या गुरुवारातले दोन तास गेले, हे त्या टाळ्यांत कुणाच्या ध्यानात आलं नाही. आता सर यायचे, दोन मिनिटं निजायचे, उठायचे. पायाला कुणाचा हात लागत नव्हता. नितळ आज नीट चालते ना, एवढं त्यांच्या पायांवर ताडून बघायचं आणि मग एक कप चहा. त्या चहाच्या आशेवर सर आठवडा काढायचे.

आणि मग डावी पोटरी धरायला लागली.

घरून रुग्णालयाकडे चालत निघालं की अर्ध्या वाटेत पोटरीत गोळा यायचा, कुणी मुठीत धरून पिळावी तसा. थांबलं की सुटायचा. चाललं की पुन्हा. जिथं थांबावं लागे तिथं नेमकं चादरींचं दुकान होतं. रस्त्यात नुसतंच उभं कसं राहायचं, म्हणून सर काचेतल्या चादरी न्याहाळत. दुकानदार बाहेर येऊन म्हणे, "या की सर, आत या की." भिडेपोटी सर एखादा टॉवेल घेत. एकट्या माणसाच्या घरात टॉवेलांची चळत लागली.

दुखतंय हे त्यांनी कुणालाच सांगितलं नाही. का, ते उघड आहे. संशोधनाला निरोगी पाय हवे होते. पाय दुखरा निघाला की सर बाद. पंच म्हणून त्यांनी आयुष्यभर पोरांना बाद दिलं होतं. बाद झालेलं पोर मैदानाच्या कडेला कसं गवत उपटत बसतं, ते त्यांनी पुष्कळ बघितलं होतं.

त्या गुरुवारी ते धाकधुकीतच यंत्रात निजले. आता चित्रात दिसणार आणि संपला खेळ! पण केतकीनं पडदा त्यांच्याकडे वळवला तर दोन्ही पायांतल्या वाहिन्या वरपासून खालपर्यंत अखंड. वळसासुद्धा जागच्या जागी.

"बघा! सदुसष्टाव्या वर्षी पंचविशीतले पाय," ती म्हणाली.

सरांचा जीव भांड्यात पडला. चित्र खोटं कशाला बोलेल? म्हणजे दुखणं मनाचंच. एकट्या माणसाला नसलेले आवाज ऐकू येतात, तसं नसलेलं दुखणंही दुखत असेल. अशी समजूत घालून ते घरी निघाले आणि चादरींच्या दुकानापाशी थांबले.

नितळची चाचणी आता लातूर आणि बार्शीच्या रुग्णालयांतही चालू झाली होती. एका गुरुवारी सर आत पाऊल टाकतात तोच केतकी म्हणाली, "सर, तुम्हाला लातूरला कुणी भाऊबिऊ आहे का हो?"

"नाही बा. का?"

तिनं पडद्याकडे बोट केलं. कुणाचा तरी पाय. डाव्या गुडघ्याच्या जरा खाली तोच वळसा.

"अगदी तुमचाच! इतका दुर्मिळ, आणि इथं जवळच दुसरा सापडावा, म्हणजे कमाल आहे."

सर चष्मा पुसून पुन्हा बघू लागले. "कोण आहेत हे? नाव काय यांचं?"

"नावं आम्हालाही कळवत नाहीत सर. पुरुष, वय एकसष्ट, एवढंच कळतं."

"एकसष्ट," सर म्हणाले. "धाकटा म्हणजे."

त्या दिवसापासून हत्तुरे सरांना भाऊ झाला. हसू नका. चार भिंतींत बसलेल्या माणसाला तेवढं पुष्कळ होतं. आजोबांचे कुणी चुलते लातूरकडे जाऊन राहिले होते म्हणे, असं ते आठवून आठवून जुळवू लागले. सकाळी चहा करताना त्यांच्या मनात यायचं, तोही आता चहा करत असेल. एकटा असेल का? त्याचीही पोटरी दुखत असेल का? एकदा तर त्यांनी लातूरच्या एसटीची वेळसुद्धा बघून ठेवली. तिथं जाऊन काय करणार, रस्त्यावर लोकांच्या पँटी वर करून बघणार? या विचारानं त्यांना एकट्यालाच हसू फुटलं. घरात आपलं हसणं ऐकून ते दचकले.

पोटरी मात्र ऐकेना. आता चादरींच्या दुकानापर्यंतही मजल जात नव्हती. अलीकडेच कुठल्या तरी ओट्यावर टेकावं लागे. डावं पाऊल गार पडायचं. सर मोजे घालून निजू लागले.

"सर, या महिनाअखेर नितळ पक्की होणार," केतकीनं चहा ओतता ओतता सांगितलं. तिचा चेहरा उजळला होता. "मग राज्यभर, तालुक्यातालुक्याला. तिथं चित्र वाचणारा तज्ज्ञ नसतो हो. नितळ म्हणेल वाहिनी उघडी, तर उघडी. नितळ म्हणेल बंद, तर बंद. आणि आपण दोघं पावलांचं काम हाती घ्यायचं, तिथल्या बारीक वाहिन्यांच्या चित्रांचं. अजून दोन वर्षं काही मी तुम्हाला सोडत नाही. फक्त पाय असेच ठणठणीत ठेवा म्हणजे झालं."

दोन वर्षं! सर घरी गेले ते रिक्षानं, पण त्या रिक्षात चालक असता तर त्याला त्यांनी पेढा दिला असता.

पुढच्या गुरुवारी ते आले तेव्हा केतकी फोनवर होती. बार्शीचे डॉक्टर बोलत होते आणि आवाज खोलीभर ऐकू येत होता.

"मॅडम, या बाई अठ्ठावन्न वर्षांच्या आहेत, डायलिसिसवर. अंगठ्याची जखम काळी पडत चाललीये. तुमच्या चित्रात तर रक्त खालपर्यंत झकास चाललंय. मग जखम भरत का नाही? बाई म्हणतात, चार पावलं चाललं की पोटरी पिळून निघते, थांबलं की बरं वाटतं. पाय बघावा तर बर्फ."

"आणि तुमचे सर्जन काय म्हणतात?"

"ते म्हणतात, वाहिनी उघडीच आहे, तर फुगा कुठं घालायचा? उद्या अंगठा काढू आणि घरी पाठवू. पण मला भीती वाटते मॅडम. अंगठ्यानं थांबलं नाही तर त्यांचा पाय जाईल."

केतकीनं बार्शीचं चित्र पडद्यावर आणलं आणि तिच्या तोंडून आपोआप निघालं, "अरेच्चा! सर, बघा तर. आणखी एक."

डाव्या गुडघ्याच्या जरा खाली खांबावरचा वळसा.

सरांना आधी आनंद झाला. खोटं कशाला सांगायचं, झाला. भाऊ होता, आता बहीण मिळाली. पण कानात ते शब्द घुमत राहिले. पोटरी पिळून निघते, थांबलं की बरं वाटतं, पाय बघावा तर बर्फ. हे दुखणं त्यांना पाठ होतं. त्यांच्याही चित्रात रक्त झकास चाललं होतं. त्यांच्याही चित्रात हाच वळसा होता.

विज्ञान त्यांना कळत नव्हतं, पण पंचाची नजर होती. मैदानावर काहीतरी चुकलंय एवढं त्यांना दिसलं. शिट्टी हातात होती. वाजवली की पावलांचं काम गेलं, गुरुवार गेला, चहा गेला. नाही वाजवली तर बार्शीच्या एका बाईचा अंगठा उद्या जाणार आणि पाठोपाठ पाय. त्यांनी केतकीकडे बघितलं. ती डोळे बारीक करून त्या वळशाकडे बघत होती.

"मॅडम," सर म्हणाले, "माझा पण पाय दुखतो."

"काय?"

"डावा. अशीच पोटरी पिळते. थांबलं की बरं. पाऊल गार. आणि मी सिगारेट ओढतो."

केतकीनं बार्शीच्या डॉक्टरांना थांबायला सांगितलं. "कधीपासून दुखतंय?"

"दिवाळीच्या आधीपासून."

"आणि आत्ता सांगताय? मी दर गुरुवारी विचारते ना तुम्हाला, बरं आहे ना म्हणून?"

"विचारता की. पण विचारताना तुम्ही पडद्याकडे बघत असता."

 ती उठली, सरांसमोर बसली आणि तिनं त्यांचा डावा मोजा काढला. पावलावर हात ठेवला, मग घोट्याच्या मागे बोटं लावून बराच वेळ नाडी शोधत राहिली. उजवा पाय बघितला. पुन्हा डावा बघितला. वर्षभरात तिचा हात या पायांना लागला नव्हता.

"अंगठ्याला हात लावू नका," तिनं फोनवर सांगितलं. "माझा फोन येईपर्यंत काही करू नका." आणि कपाट उघडून तांदळाच्या पिशव्या बाहेर काढल्या.

त्या दिवशी पुन्हा दोन तास. तिनं एकेक पिशवी पोटरीला, घोट्याला दाबून बसवली. बोलली एकच वाक्य, "गार लागत नाही ना सर?" सरांनी मान हलवली. डावा पाय ठणकत होता, भाऊबहिणींचं काय होणार कळत नव्हतं, उद्यापासून इथं यायला मिळणार नव्हतं, आणि तरीही पायांभोवती ते ओळखीचं ओझं आल्यावर त्यांना बरं वाटलं. असं बरं वाटल्याची त्यांना लाज वाटली. फोनमधून या खेपेला डब्यातल्या भाजीची बातमी आली नाही.

बाहेर आले तेव्हा पडद्यावर दोन चित्रं शेजारी शेजारी होती. एक गेल्या गुरुवारचं, नितळनं स्वच्छ केलेलं. त्यात वाहिनी वळसा घेऊन ऐटीत घोट्यापर्यंत उतरलेली. दुसरं आत्ताचं, तांदूळ लावून काढलेलं. त्यात गुडघ्याखाली वाहिनी एकाएकी संपली होती. वळसा नव्हता. पुढं काळोख, आणि त्यात केसासारखे दोन-चार बारीक फाटे.

"हा माझा पाय?" सरांनी दुसऱ्या चित्राकडे बोट केलं.

"हो. हा तुमचा." केतकी म्हणाली. "आणि पहिला तुमचा होता, तीन वर्षांपूर्वी."

"मग मशीननं जुना का दाखवला?"

"आम्ही जोड्या मोजल्या सर, माणसं मोजली नाहीत. बाकीचे लोक एकदोनदा आले आणि कंटाळून गेले. दोन तास निजायला दर आठवड्याला तुम्ही एकटे आलात. एकेका गुरुवारी पायाच्या थराथराच्या कितीतरी जोड्या निघायच्या; हजारो झाल्या म्हणून मी खूश, पण त्यातल्या बहुतेक तुमच्याच. पाय म्हणजे काय, हे नितळ तुमच्यावरून शिकली. जिथं तिला चरबी कुठली आणि रक्त कुठलं ते उमगत नाही, तिथं ती आठवणीतून काढते. तुम्हाला काढते."

सरांनी दोन्ही चित्रांवरून नजर फिरवली. मग हळूच म्हणाले, "म्हणजे लातूरचा तो?"

"लातूरचे गृहस्थ आहेत सर. पण त्यांच्या पायात वळसा नसणार. तिथलं काही नीट दिसलंच नव्हतं. तिथंही तुम्हीच होता."

सरांना भाऊ गेल्यासारखं वाईट वाटलं. खरोखरचा. ज्याच्याबरोबर सकाळचा चहा घेतला, ज्याच्यासाठी एसटीची वेळ बघितली, तो कुठंच नव्हता. लातुरापासून बार्शीपर्यंत शोधलं तरी ते एकटेच होते. ते खुर्चीत बसले आणि मोजा चढवायचा म्हणून खाली वाकले, ते बराच वेळ वाकूनच राहिले.

केतकीनं आधी बार्शीला फोन लावला, मग लातूरला, मग वरिष्ठांना. त्याच दिवशी नितळ बंद केली. वरिष्ठ काय काय बोलले ते तिनं कधी सांगितलं नाही. बार्शीच्या बाईंना सोलापूरला आणलं, पिशव्या लावून दोन तास निजवलं. त्या कण्हत कण्हत निजल्या. वाहिनी कुठं बुजलीये ते दिसलं, फुगा घालून ती उघडली. अंगठा वाचला नाही, पण पाय राहिला. लातूरचे गृहस्थही वेळेत सापडले.

"बाईंना एकदा बघता येईल का? लांबूनच," सरांनी विचारलं.

"नाही सर. नाव नाही सांगता येत."

सरांच्या पायातही फुगा घालून बघितला, पण वाहिनी फार दिवसांची बुजलेली. थोडी उघडली, पुरती नाही. डॉक्टरांनी सिगारेट सोडायला लावली आणि सांगितलं, चाला. दुखेपर्यंत चालायचं, थांबायचं, पुन्हा चालायचं. बंद वाटेच्या कडेनं बारीक वाटा फुटतात, त्या वाढतात, पण चालणाऱ्यालाच.

शेवटी एकदा केतकी त्यांना भेटायला वॉर्डात आली. स्टुलावर बसली, हातातली किल्ली उगाच फिरवत राहिली.

"नितळला पहिल्यापासून शिकवायचंय. गाडीत यंत्र घालून गावोगाव फिरायचं. एका माणसाची एकच जोडी, जास्त नाही. आणि तुमची सगळी चित्रं पुसावी लागणार आहेत. सगळी. ती राहिली तर तिला पुन्हा तुम्हीच दिसाल."

"पुसा की," सर म्हणाले. मग जरा थांबून, "म्हणजे मी आता तिच्या लक्षात राहणार नाही."

केतकीनं मान खाली घातली. "माझ्या राहाल ना सर."

राहिलेही असतील. सुरुवातीला तिचा दर गुरुवारी फोन यायचा, कधी उमरग्याहून, कधी जतहून. मग निरोप येऊ लागले. मग दिवाळीला एक आला. काम मोठं होतं, ती एकटी होती. तिच्यावर रुसण्यासारखं काही नव्हतं. सर रोज चालत राहिले. दुखलं की थांबत, मग पुन्हा चालत.

पुढच्या वर्षी तपासणीला बोलावणं आलं. सरांनी घोटून दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि रांगेत बसले. तीच खोली, पण यंत्रापाशी नवीन तंत्रज्ञ बाई होत्या, चटपटीत, कामात वाघ.

"या काका. झोपा इथं. घाबरायचं नाही, फक्त हलायचं नाही."

काका. या खोलीत त्यांना आजवर सगळे सर म्हणत आले होते. ते निमूट निजले. बाईंनी पायांभोवती पिशव्या लावल्या. मांजरपाट जुनाच होता, टाके ओळखीचे होते. आता दोन मिनिटांच्या चित्रालाही पिशव्या लावायच्या, मशीनवर सगळा भार टाकायचा नाही, असा केतकीनंच नियम घालून दिला होता म्हणे.

"पाय गार आहे हो काका डावा."

"असतो तो," सर म्हणाले.

चित्र आलं. नव्या नितळनं काढलेलं. गुडघ्याखाली वाहिनी फुग्यानं उघडली तेवढी जरा पुढं जाऊन, अरुंद होत संपलेली, वळशाच्या जागी काहीच नाही. पण तिच्या कडेनं बारीक बारीक फाटे निघाले होते, वेडेवाकडे, एकमेकांत गुंतलेले, आणि ते पार घोट्यापर्यंत पोचले होते. सर वाकून बघत राहिले. एवढ्या वाटा त्यांनी एकट्यानं चालून पाडल्या होत्या, आणि दाखवायला जवळ कुणी नव्हतं.

"चांगलं आहे काका," बाई म्हणाल्या. "जुनं एखादं चित्र आहे का? ताडून बघता आलं असतं."

सरांनी काचेपलीकडच्या बोगद्याकडे बघितलं. त्यात त्यांनी जेवढे तास काढले होते तेवढे त्या इमारतीत दुसऱ्या कुणी काढले नसतील.

"नाही," ते म्हणाले. "या पायाचं हे पहिलंच."

परत निघाले ते चालतच. ऊन उतरलं होतं, बिनचालकाच्या रिक्षा एकामागून एक मुकाट जात होत्या. वाटेतले टेकायचे ओटे मागे पडले. चादरींचं दुकान आलं. सरांच्या ध्यानात आलं की पोटरी अजून दुखत नाहीये. थांबायचं काहीच कारण नव्हतं.

सर थांबले. काचेतल्या चादरी न्याहाळू लागले.

"या की सर, आत या की," दुकानदार म्हणाला.

"येतो की," सर म्हणाले, आणि चपला काढून आत गेले. "टॉवेल दाखवा बघू एखादा. घाई नाही. निवांत दाखवा."